ट्रिपल निगेटिव्ह स्तनाचा कॅन्सर: इम्युनोथेरपीच्या पहिल्या डोसआधीची तयारी

रिपोर्ट ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे ईआर, पीआर हे हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह) आलाय आणि डॉक्टरांनी केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सांगितलंय, तर आधी बायोप्सीचा रिपोर्ट, आयएचसी (हे तिन्ही रिसेप्टर तपासणारा रिपोर्ट) आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) ताब्यात घ्या, दुसरीकडे दाखवायला गेलात की ब्लॉक मागतातच. पीडी-एल१ टेस्टचं (गाठीत त्या नावाचं प्रोटीन किती आहे ते बघणारी टेस्ट) विचारून घ्या, आजार पसरलेला असेल तर ती लागते, पण ऑपरेशनआधी द्यायचं असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही, त्यापायी दिवस घालवू नका.

हे औषध करतं काय ते घरातल्या सगळ्यांना समजावून सांगा. गाठीत आपल्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शिरलेल्या असतात, पण त्यांच्यावरच्या पीडी-१ या प्रोटीनमुळे त्यांना ब्रेक लागलेला असतो, तो हे औषध काढतं. केमोसोबत दिल्यावर फायदा खरंच होतो, कीनोट-५२२ ट्रायलमध्ये ऑपरेशनच्या वेळी कॅन्सर पूर्ण गेलेल्या बायका ६४.८ टक्के होत्या, नुसत्या केमोत ५१.२. पण ब्रेक फक्त गाठीतला निघत नाही ना, सगळ्या अंगातला निघतो, मग थायरॉइड, लिव्हर, फुप्फुस, आतडी, अ‍ॅड्रिनल यांच्यावरही त्या पेशी उलटू शकतात. म्हणून टीएसएच, टी४ (थायरॉइडसाठी), सकाळचं कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीसाठी), शुगर, एलएफटी (लिव्हरसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), हेपॅटायटिस बी आणि सी हे सगळं आधीच करून फाइलला लावा, म्हणजे पुढे आकडा बिघडला तर मूळचा किती होता ते कळतं. केमोत डॉक्सोरुबिसिन हे औषध असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पण, कारण ते हृदयावर परिणाम करू शकतं. आमवात, सोरायसिस, ल्युपस असलं काही पूर्वी झालं असेल तर डॉक्टरांना सांगायचंच, इम्युनिटी वाढवायचे काढे चालू असतील तर तेही.

पैशाचं गणित पूर्ण कोर्सचं करा. दर ३ आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम, ऑपरेशनआधी ८ आणि नंतर ९ डोस, म्हणजे वर्ष जातं. कंपनीची पेशंटसाठी मदतीची योजना आहे का ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा.

आणि हे फार महत्त्वाचं, मोबाइलमध्ये ऑन्कोलॉजिस्टचा रात्रीचा नंबर ठेवा. सारखे जुलाब, कोरडा खोकला, दम लागणं, डोळे पिवळे, उठवणार नाही इतका थकवा, यातलं काहीही झालं तर 'केमोमुळे असेल' म्हणून घरी बसू नका, जुलाबाची गोळी परस्पर देऊ नका. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य 'इम्युनोथेरपी चालू आहे' हेच, कारण उपचार वेगळा असतो, बऱ्याचदा स्टिरॉइड द्यावं लागतं आणि ते वेळेत लागतं. शेवटचा डोस होऊन काही महिने गेले तरी हा त्रास होऊ शकतो, तेव्हा फाइल माळ्यावर टाकू नका.