आकाशात एकाच जागी येणारा करडा ठिपका : सेन्सरवरची धूळ कशी निघाली

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एफ/१६ ला (म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक ठेवून; एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान) टिपलेल्या प्रत्येक छायाचित्रात आकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तोच धूसर ठिपका येत होता, एफ/५.६ ला मात्र तो जवळजवळ दिसत नसे. लेन्स पुसली, बदलली, कॅमेऱ्याची स्वयंचलित सफाई चारदा चालवली, तरी तो हलला नाही आणि मी अगदी हताश झालो.

शेवटी पुढील क्रम उपयोगी पडला. ठिपका स्पष्ट दिसावा म्हणून आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० व एफ/२२ ठेवून, फोकस मुद्दाम घालवून पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र घेतले. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे कॅमेऱ्यात समोरून पाहताना या ठिपक्याची धूळ खालच्या डाव्या बाजूस असते. बॅटरी पूर्ण भरून हाताने सफाईसाठी सेन्सर उघडा ठेवणारा मोड लावला, लेन्स काढली आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने दहा-बारा वेळा हवा मारली. (तोंडाने फुंकर कधीही घालू नये, थुंकीचे कण बसतात.) उरलेल्या चिकट कणासाठी, फुल फ्रेम (३६ × २४ मिमी) सेन्सरला बसणाऱ्या २४ मिमी रुंदीच्या नव्या स्वॅबवर (सपाट टोकाच्या सफाईच्या काडीवर) सेन्सर सफाईच्या द्रावणाचे दोनच थेंब टाकून तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न उचलता फिरवला आणि उलटवून दुसऱ्या बाजूने परत आणला. पाच मिनिटांनी एफ/२२ ला तीच भिंत पुन्हा टिपली, तेव्हा ठिपका नव्हता.