युनिव्हर्सल क्रेडिटमधून थकलेलं भाडं कापायला लागले तर काय करायचं

गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एक ताई फोन घेऊन घरी आल्या, म्हणाल्या बघ गं, या महिन्यात पैसे कमी आलेत, कुणी कापले तेच कळत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचं, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या मदतीचं, स्टेटमेंट उघडलं तर खाली कपातीच्या यादीत रेंट अरिअर्स (थकलेलं भाडं) आणि समोर ६० पाउंड. त्यांना कुणी आधी विचारलंही नव्हतं. म्हणून हे लिहितेय, इंग्लंडात कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घरात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, आणि पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या स्विंडन-साउथॉलच्या गोंयकारांसाठीही. (वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर बहुतेकांना हे बेनिफिट मिळतच नाही, त्यामुळे हे लागू नाही.)

आधी एक गोंधळ सोडवा. मॅनेज्ड पेमेंट म्हणजे चालू भाड्याचे पैसे तुमच्या खात्यात न येता थेट घरमालकाकडे जातात. थकबाकीची कपात वेगळी, ती तुमच्या जेवणाखाणाच्या पैशातून, म्हणजे स्टँडर्ड अलाउन्समधून होते. दोन्ही एकाच वेळी चालू असू शकतात, त्यामुळे स्टेटमेंटवर दोन्ही ओळी बघा.

कपात किती? भाड्याच्या थकबाकीसाठी किमान १० टक्के. २५ किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये स्टँडर्ड अलाउन्स महिना ४००.१४ पाउंड होता, त्याचे १० टक्के म्हणजे साधारण ४० पाउंड. सगळ्या कपाती मिळून मर्यादा पूर्वी २५ टक्के होती, ३० एप्रिल २०२५ पासून सुरू होणाऱ्या असेसमेंट पीरियडना (बेनिफिटच्या हिशोबाचा एकेक महिना) ती १५ टक्के केली, म्हणजे त्याच अलाउन्सवर साधारण ६० पाउंड. घर जाण्याची वेळ आली असेल तर मात्र ती ओलांडूही शकतात.

मग करायचं काय? रेंट स्टेटमेंट मागवा आणि आकडा खरा आहे का ते मोजा, कारण भाडं आठवड्याचं आणि बेनिफिट महिन्याचं असतं. आठवड्याला १२० पाउंड भाडं असेल तर महिन्याला ५२० धरतात, पण एखाद्या वर्षी भाड्याचे ५३ सोमवार येतात आणि तुमची काही चूक नसताना १२० पाउंड थकतात, ताईंच्या थकबाकीतही असा एक आठवडा निघाला. हेही बघा की थकबाकी आत्ता राहता त्याच घराची आहे, जुन्या घराच्या बाकीसाठी ही कपात करता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरमालकाच्या (कौन्सिल किंवा असोसिएशनच्या) हाउसिंग ऑफिसरशी स्वतः बोलून हप्ता ठरवलात तर १० टक्क्यांचा नियम तिथे नाही, महिना १५ पाउंडसुद्धा ठरू शकतात. ४८० पाउंडची बाकी असेल तर ४० च्या कपातीने वर्षभरात फिटते, १५ ने बत्तीस महिने लागतील, पण घरात हीटिंग चालू राहील. खर्चाचा कागद करून न्या, विजेचं बिल, पोरांच्या शाळेचे डबे सगळं लिहा, आणि जे ठरेल ते ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नको.

कपात आधीच सुरू असेल तर जर्नलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या संदेशांच्या पानावर, लिहा: ‘ही रक्कम मला परवडत नाही, कृपया कमी करा, खर्चाचा तपशील सोबत आहे.’ घरमालकाशी वाद चालू असेल तर तेही लिहा. जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने म्हटलं की भाडेकरूला बोलायची संधी न देता घरमालकाची कपातीची विनंती आपोआप मंजूर करणं बेकायदेशीर आहे. त्यामुळे तुमचं म्हणणं मांडण्यात संकोच नको.

पण कपात म्हणजे वाईटच असं नाही हं. घराचा ताबा मागणारं कोर्टाचं पत्र आलं असेल तर नियमित कपात सुरू असणं जजसमोर तुमच्या बाजूने जाऊ शकतं, कधी कधी मी स्वतःच मागून घ्यायला सांगते. आणि ते पत्र ड्रॉवरमध्ये ठेवू नका, त्याच दिवशी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा शेल्टर या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांना फोन करा, तारखेला हजर राहा, इंग्रजी अडत असेल तर कुणाला तरी सोबत घेऊन जा.