रनिंग बॅकला मोठा करार देताना या चुका टाळा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या स्टार रनिंग बॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूला, मोठा करार द्यावा का, या प्रश्नावर दर मार्चमध्ये तेच दोन कंपू पडतात. एक म्हणतो, संघाचा सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे, मागेल ते द्या. दुसरा म्हणतो, पळायला कुणीही चालतो, छदामही देऊ नका. करार उघडून वाचायचे कष्ट मात्र दोघांपैकी कुणीच घेत नाही. पैसे दिले म्हणून संघ बुडाले असं सरसकट झालेलं नाही. ते बुडाले चुकीच्या वेळी दिल्यामुळे, किंवा दुसऱ्याच्या कामाचे पैसे याच्या हाती ठेवल्यामुळे.

हातात स्वस्त वर्षं शिल्लक असताना करार वाढवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती पुन्हा पुन्हा होते. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघाच्या हातात असतं. त्यानंतरही फ्रँचाइझ टॅग लावून, म्हणजे ठरावीक रक्कम देऊन, त्याला एक वर्ष रोखता येतं. तिसरा हंगाम संपला की करार नव्याने करायची मुभा मिळते आणि एजंट दारात उभा राहतो. त्या क्षणी संघाकडे दोन वर्षं ठरलेल्या किमतीत आणि तिसरं टॅगच्या किमतीत असतं. रनिंग बॅकची सगळ्यात चांगली वर्षंही बहुधा हीच असतात.

टॉड गर्लीचं प्रकरण नीट पाहा. २०१७ मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. जुलै २०१८ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सने त्याला चार वर्षांची ५ कोटी ७५ लाख डॉलरची वाढ दिली, त्यात ४ कोटी ५० लाखांची हमी. जुन्या करारातली २०१८ आणि २०१९ ही दोन वर्षं अजून बाकी होती, म्हणजे नवी चार वर्षं सुरू होणार होती २०२० पासून. कॉलेजमध्ये असतानाच, २०१४ मध्ये, त्याच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला होता, ही गोष्टही लपलेली नव्हती. २०१८ च्या हंगामात त्याने एकूण २१ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला, पण डिसेंबरमध्ये गुडघा सुजला आणि शेवटचे दोन सामने तो बाहेर बसला. त्याच्या जागी रॅम्सने सी. जे. अँडरसनला आणलं. त्याच हंगामात दोन संघांनी अँडरसनला सोडलं होतं. तो आला आणि डॅलसविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात १२३ यार्ड पळाला, गर्ली ११५. सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, गर्लीच्या वाट्याला १० कॅरी (चेंडू घेऊन पळण्याच्या खेपा) आणि ३५ यार्ड आले, रॅम्स १३-३ असे हरले. २०१९ मध्ये त्याची दर कॅरीची सरासरी ३.८ यार्डांवर आली. मार्च २०२० मध्ये, पुढच्या बोनसची हमी लागू व्हायच्या तोंडावर, रॅम्सने त्याला सोडलं. ज्या चार वर्षांसाठी करार वाढवला होता, त्यातला एकही सामना तो रॅम्सकडून खेळला नाही. सुमारे २ कोटी डॉलरचा डेड मनी, म्हणजे सोडलेल्या खेळाडूच्या नावावर लागणारा खर्च, मात्र संघाच्या हिशेबात राहिला.

एवढं डोळ्यांसमोर घडत असताना डॅलसने सप्टेंबर २०१९ मध्ये इझिकिएल एलियटला सहा वर्षांची ९ कोटींची वाढ दिली. त्याचीही दोन वर्षं बाकी होती. मार्च २०२३ मध्ये त्याला सोडलं, तेव्हा नव्या सहापैकी दोनच वर्षं झाली होती. एप्रिल २०२० मध्ये कॅरोलिना पँथर्सने ख्रिश्चन मॅकॅफ्रीला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख कबूल केले. पुढच्या दोन हंगामांत तो ३३ पैकी १० सामने खेळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे २०२३ मध्ये त्याने धावून आणि पास झेलून मिळून २,०२३ यार्ड कमावले. खेळाडूत खोट नव्हती. पँथर्सची घाई नडली, आणि करार करतानाच दिलेल्या साइनिंग बोनसचा उरलेला भारही त्यांच्याच कॅपवर, म्हणजे संघाच्या पगारमर्यादेवर, राहिला.

करार जाहीर झाला की एकूण रकमेकडे मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी नवी वर्षं कुठून सुरू होतात ते, मग त्या दिवशी खेळाडूचं वय किती असेल ते, मग हमीचा आकडा. रागावून सरावाला न येणाऱ्या खेळाडूची बातमी वाचून ‘देऊन टाका एकदाचे’ म्हणणाऱ्यांनी या तीन ओळी लिहून काढाव्यात. खेळाडूची बाजू खोटी नाही. त्याचं शरीर झिजतंय आणि पगार नवख्याचा आहे. त्याने मागणं रास्तच. पण मागणी रास्त असली म्हणून संघाला त्या करारातून तेवढा खेळ परत मिळतोच असं नाही.

लाइनच्या कामाचे पैसे रनिंग बॅकला देणं

डीमार्को मरेने २०१४ मध्ये डॅलसकडून ३९२ कॅरीमध्ये १,८४५ यार्ड काढले. त्याच्यापुढे वाट मोकळी करणाऱ्या लाइनमध्ये टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन होते, तिघेही पहिल्या फेरीतून निवडलेले. डॅलसने त्याला जाऊ दिलं. फिलाडेल्फियाने २०१५ मध्ये पाच वर्षांचा करार दिला आणि त्याच उन्हाळ्यापर्यंत आपल्या लाइनमधले दोन्ही अनुभवी गार्ड, एव्हन मॅथिस आणि टॉड हेरेमन्स, सोडून दिले. मरे चेंडू खोलवर घेऊन सरळ, जोराने घुसणारा. इथे त्याला शॉटगन रचनेत, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाजूला उभं करून आडवं पळवलं. १९३ कॅरी, ७०२ यार्ड, सरासरी ३.६. एका वर्षात त्याला टेनेसीकडे पाठवलं. तिथे सरळ धावायला मिळालं तेव्हा २०१६ मध्ये तो १,२८७ यार्ड पळाला. इकडे डॅलसमध्ये २०१५ साली त्याच लाइनमागे डॅरेन मॅकफॅडन १,०८९ यार्ड पळाला. हा धडा डॅलसच्याच घरात घडलेला होता, आणि चारच वर्षांनी त्यांनी एलियटचा करार केला.

सिअॅटलने २००६ मध्ये तर एकाच महिन्यात दोन्ही टोकं गाठली. आदल्या हंगामात १,८८० यार्ड पळालेल्या शॉन अलेक्झांडरला आठ वर्षांचा करार दिला आणि त्याला वाट करून देणारा डावा गार्ड स्टीव्ह हचिन्सन मिनेसोटाला गमावला. अलेक्झांडरचा पाय मोडला, यार्ड ८९६ वर आले, २००८ मध्ये तोही गेला.

एखाद्याला पारखायचं तर त्याच्या मोठ्या धावा मी बाजूला ठेवतो आणि धक्का बसल्यानंतर तो स्वतःच्या बळावर किती यार्ड काढतो ते पाहतो. आणि त्याच लाइनमागे त्याचा बदली खेळाडू किती पळतोय, हेही. २०२२ मध्ये एलियटची सरासरी ३.८ होती आणि चौथ्या फेरीतून आलेल्या टोनी पोलार्डची ५.२. असं दिसलं की माझ्यापुरता निर्णय झाला.

आयपीएलच्या लिलावासारखं वाचणं

आपल्याकडच्या वाचकांची ही खास चूक. आयपीएलमध्ये खेळाडूची बोली ही त्याची त्या हंगामाची रक्कम असते. खेळाडू सोडला की पर्समधली जागा मोकळी होते. एनएफएलमध्ये साइनिंग बोनस आज हातात पडतो, पण कॅपच्या हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरतो. समजा पाच वर्षांचा करार आणि २ कोटींचा बोनस आहे. दरवर्षी ४० लाख कॅपवर लागतील. दोन वर्षांनी खेळाडू सोडला तर उरलेले १ कोटी २० लाख एकदम अंगावर येतात. १ जूननंतरची सोडचिठ्ठी दाखवली तर ४० लाख त्या वर्षी आणि ८० लाख पुढच्या वर्षी, पण भरावे लागतातच. म्हणून ‘नाही चालला तर काढून टाकू’ हे वाक्य बोनसचा आकडा पाहिल्याशिवाय उच्चारू नये.

छोट्या पण नेहमीच्या

हजार यार्डांना भुलणं. १७ सामन्यांत हजार म्हणजे सामन्याला ५९ सुद्धा नाहीत.

तिसऱ्या डाउनला (डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न) बाहेर बसणाऱ्याला सगळ्या डाउनचे पैसे देणं. ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू, ओळखून अडवता येत नसेल आणि पास झेलता येत नसेल तर भाव निम्म्यावर आणा.

ड्राफ्टमधला वरचा नंबर फुकट आहे असं धरणं. जायंट्सने २०१८ मध्ये सेक्वॉन बार्कलीसाठी दुसरा नंबर वापरला. तोही खर्चच, आणि लाइन कच्ची असताना केलेला.

कॅपमध्ये जागा करण्यासाठी पगाराचा पुन्हा बोनस करणं. रनिंग बॅकच्या बाबतीत हे मुळीच करू नका.

‘कुणीही चालतो’ हे ब्रह्मवाक्य मानणं

पहिल्या चुका ज्यांना कळतात ते या खड्ड्यात पडतात. मार्च २०२४ मध्ये जायंट्सने बार्कलीला जाऊ दिलं. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख ५० हजार दिले, त्यात २ कोटी ६० लाखांची हमी. २,००५ यार्ड आणि सुपर बोल पदरात पडलं. त्याच महिन्यात बॉल्टिमोरने तिशीच्या डेरिक हेन्रीला दोन वर्षांचे १ कोटी ६० लाख दिले आणि तो १,९२१ यार्ड पळाला. दोन्हीकडे लाइन तयार होती, चेंडू घेऊन पळू शकणारा क्वार्टरबॅक होता, करार छोटे होते आणि नवी वर्षं त्याच हंगामापासून सुरू झाली. असा करार समोर आला तर मी डोळे झाकून हो म्हणेन.

पण मार्च २०२५ मध्ये ईगल्सने काय केलं तेही पाहा. बार्कलीची दोन वर्षं बाकी होती आणि प्लेऑफ धरून त्याने ४३६ कॅरी केल्या होत्या. तरी आणखी दोन वर्षांचे ४ कोटी १२ लाख. २०२५ मध्ये तो २,००० च्या जवळपासही गेला नाही, आणि ती नवी दोन वर्षं सुरू व्हायची आहेत २०२७ मध्ये, तो तिशीत पोचल्यावर.