घरची-दारची कामे अंगावर येतात तेव्हा या चुका टाळा

नोकरी, मुले आणि वृद्ध आईवडील अशा तिन्ही आघाड्या सांभाळणारी व्यक्ती ‘आता झेपत नाही’ असे म्हणू लागली की घरचे लोक तिची कामे मोजू लागतात. प्रत्यक्षात कामांइतकाच भार ती लक्षात ठेवण्याचा असतो आणि तो कोणाच्याच हिशेबात येत नाही.

त्यामुळे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कामे वाटून घेणे आणि आठवण मात्र एकाच डोक्यात ठेवणे. माझ्या परिचयातील एका शिक्षिकेच्या घरी सगळेच ‘मदत’ करीत असत. पती बँकेत जात, मुलगा औषधे आणी, पण दोघांनाही दर वेळी सांगावे लागे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी साधारणपणे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. एका वर्षी ऐन त्याच महिन्यात मुलाला डेंग्यू झाला, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासायचे राहिले, दाखलाही राहून गेला आणि सासूबाईंचे कुटुंब निवृत्तिवेतन थांबले. त्यावर पती म्हणाले, “सांगितले असतेस तर लगेच केले असते.” हा दाखला शासनाच्या ‘जीवन प्रमाण’ या डिजिटल सेवेद्वारे घरबसल्या मोबाइलवरूनही देता येतो. काम अवघड नव्हतेच; ते कोणाला आठवावे, एवढेच कधी ठरले नव्हते. दाखला दिल्यावर थकलेली रक्कम मिळाली, पण त्या वाक्याची सल राहिली.

म्हणून सुटे काम देऊ नये, तारखांसकट संपूर्ण विषय सोपवावा. ‘आईच्या बँकेचे सगळे तुमच्याकडे’ असे एकदा ठरले की पुन्हा आठवण करून देऊ नये. औषधपाण्याचा अपवाद सोडल्यास, विलंबाचा दंड एखाद्या वेळी भरावा लागला तरी भरू द्यावा. अधीर मंडळी दुसऱ्याच आठवड्यात ‘त्यापेक्षा मीच पटकन करते’ म्हणून विषय परत घेतात आणि मग कोणी काही करत नाही अशी तक्रार करतात. त्यांच्याविषयी मला फारशी सहानुभूती वाटत नाही.

दुसरी चूक यादीची. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने 1927 मध्ये मांडले की पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात. त्यावर संशोधकांत वाद असला, तरी रात्री अंथरुणावर पडताच वीजबिल आठवणाऱ्यांना वेगळा पुरावा नको. यादी करावी, पण ‘बाबांचे मोतीबिंदू’ असे लिहून डोके हलके होत नाही. ‘सोमवारी दवाखान्यात फोन करून वेळ घेणे’ असे लिहावे. मी हे सर्व दुधाचा हिशेब असतो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहितो, कारण मोबाइलमधली आठवण एकालाच ऐकू येते आणि आपण पुन्हा पहिल्या चुकीपाशी येतो.

पहाटे पाचला उठून वेळ ‘वाढवू’ नये; ती झोपेतून केलेली उचल असते. सगळी कामे रविवारवर ढकलू नयेत. नियोजनासाठी नवनवी ॲप शोधत बसणे हेही काम टाळणेच आहे.

मात्र दोन आठवडे झोप, भूक किंवा कशातच मन लागत नसेल, तर त्यावर याद्या आणि वाटण्या करीत बसणे ही स्वतंत्र चूक आहे. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.