सांगलीत नेटची कंपनी बदलायच्या आधी लाईनचा खरा स्पीड असा काढा

नेट स्लो झालं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "कंपनीच बदलून टाकू". बदला की, पण त्याआधी घरात येणारी लाईन खरंच किती देतीय ते मोजा, कारण लय घरांत वायफाय मार खात असतं आणि शिव्या कंपनीला बसतात, मग नवीन कनेक्शन घेतल्यावर पण आतल्या खोलीत व्हिडिओ अडकायचा तो अडकतोच.

मोजायचं ते वायरवर. लॅपटॉप राऊटरला लॅन वायरनं जोडा, वायफाय बंद करा, टीव्ही आणि पोरांचे मोबाईल नेटवरून काढा आणि मग टेस्ट लावा. ओकलाची स्पीडटेस्ट लावली तर सर्व्हर ती स्वतःच निवडते आणि बऱ्याचदा तो तुमच्याच कंपनीचा निघतो, मग आकडा एकदम झकास येतो, म्हणून सर्व्हर बदलून पुण्याचा नाहीतर मुंबईचा, दुसऱ्या कंपनीचा घ्या. फास्ट डॉट कॉमवर पण बघा, ती टेस्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून चालते. सकाळी करा, दुपारी करा, पण खरा आकडा रात्री ९ ते ११ मधला, तोच वहीत लिहून ठेवा.

रात्रीच का पडतो स्पीड? आपल्याकडच्या बहुतेक फायबर लाईन जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर पुढं स्प्लिटरमधून ३२ नाहीतर ६४ घरांत वाटली जाते आणि त्या सगळ्यांत मिळून डाऊनलोडला साधारण अडीच जीबीपीएस असतात. एवढ्यात तशी सगळी घरं निभतात, पण ऑपरेटरनं पुढून घेतलेली बँडविड्थच कमी असली की रात्री सगळे एकदम बसतात आणि बोंब होते. कालव्याला पाणीच कमी सोडलं तर पोटचारी कितीही रुंद असून काय उपयोग? असं असेल तर मात्र कंपनी बदलणं हाच उपाय, राऊटर बदलून काही होत नाही.

आता आकडे वाचताना दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा असला तरी डाऊनलोड करताना दिसतात ते एमबी, म्हणजे मेगाबाईट, आठ बिटांचा एक बाईट म्हणून आठानं भागायचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, एक जीबीची फाईल सव्वा-दीड मिनिटात आली तर लाईन चोख आहे. आणि प्लॅन २०० चा असून टेस्ट कायम ९३-९४ ला अडकत असेल तर कंपनीला फोन करू नका, आधी लॅन वायर बघा. वायरीत आठ तारा असतात, क्रिंप करताना, म्हणजे टोकाला पिन बसवताना चारच जोडल्या किंवा एक तुटली की लिंक १०० वर येते, काही स्वस्त राऊटरचे पोर्टच १०० चे असतात.

फायबर ज्यात येते त्या डब्यावर लाल एलओएस लाईट (फायबरचा सिग्नलच येत नाही) लागला तर सरळ कंप्लेंट टाका. लाईट ठीक आहे पण नेट सारखं जातंय, तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल किंवा आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद बघा, मायनस १५ ते मायनस २५ डीबीएम असेल तर बरं, मायनस २७ च्या पलीकडं, म्हणजे मायनस २८, ३० असं गेलं तर लाईनमध्ये लॉस आहे. कपाटामागं बघा, पिवळी नाहीतर पांढरी बारीक फायबर खिडकीच्या सरकत्या काचेत दाबलेली किंवा खिळ्याला गच्च वळवून बांधलेली सापडते, ती मोकळी, गोल वळणानं सोडली की आकडा सुधारलेला दिसतो.

एवढं करून पण रात्रीची बोंब असेल तर मग बदला. नवीन कंपनी जाहिरातीवरून ठरवू नका, शेजाऱ्यावरून ठरवा. विश्रामबागमध्ये भारी चालणारी कंपनी कुपवाडला पण भारी चालेलच असं नाही, म्हणून आपल्याच गल्लीत ज्याच्याकडं ती लाईन आहे त्याच्या घरी रात्री टेस्ट लावा आणि बंद पडल्यावर माणूस किती वेळात येतो ते विचारा. मला विचाराल तर लाईनमन चांगला असणं प्लॅनच्या आकड्यापेक्षा मोठं.

दुसरा प्रश्न, फायबर थेट घरात येणार का खांबावरच्या बॉक्सपासून लॅन वायर? लॅन वायर म्हणजे तांबं, वळिवात वीज कडाडली की गच्चीवरून आलेल्या त्या वायरीतून राऊटरचा पोर्ट उडतो, फायबर काचेची, तिच्यातून करंट येत नाही. लाईट गेल्यावर कंपनीच्या खांबावरच्या स्विचला, म्हणजे लाईन वाटणाऱ्या डब्याला बॅकअप आहे का तेही विचारा, नाहीतर घरातला इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. आणि गावभागात, शामरावनगरला वगैरे राहत असाल तर २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा आणि डबा भिंतीवर उंच लावून घ्या.

किमतीवर १८ टक्के जीएसटी धरा, ५९९ चे ७०७ होतात. अनलिमिटेड म्हटलं तरी एफयूपी, म्हणजे फुल स्पीडच्या डेटाची मर्यादा असते, बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३३०० जीबी, ती संपल्यावर किती स्पीड मिळतो ते लिहून मागा. वर्षाचं पॅकेज स्वस्त म्हणून पहिल्यांदाच भरू नका, एक महिना वापरा. बाहेरून सीसीटीव्ही थेट आयपीवर बघत असाल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा नेटचा पत्ता मिळेल का तेही आधीच विचारून घ्या.

जुनी लाईन लगेच तोडायची नाही, नवीन बसल्यावर आठ-पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा, थोडे पैसे जातील, जाऊ देत. नवीन राऊटरला जुन्याचंच वायफाय नाव आणि तोच पासवर्ड द्या, टीव्ही, कॅमेरे सगळं आपोआप जोडलं जातं. मोबाईल नंबरसारखा लँडलाईन नंबर पोर्ट होत नाही, तो बँकेत, गॅसला दिला असेल तर आधी बदलून घ्या. मग जुनी लाईन बंद करायचा अर्ज ईमेलनं पाठवा, डबा आणि अ‍ॅडॅप्टर परत देताना सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या आणि डिपॉझिट खात्यावर जमा होईपर्यंत ती टाकू नका.