बालगृहाला मदत करताय? या चुका टाळा

नागपुरात घरच्यांचा वाढदिवस असो की आईची पुण्यतिथी, बालगृहात जेवण द्यायची पद्धत जुनी आहे. द्या, जरूर द्या. पण बालगृह म्हणजे कुणाचा तरी दानधर्म, असं धरून चाललो की पुढच्या चुका होतात. संस्था कुणीही चालवो, २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तिथल्या मुलांची अंतिम जबाबदारी शासनावर आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सापडलेलं मूल परस्पर आश्रमात नेऊन सोडणं. नागपूर स्टेशनवर चारी दिशांच्या गाड्या येतात आणि घरून निघून आलेली मुलंही इथे उतरतात. असं मूल दिसलं तर १०९८ या बाल हेल्पलाइनला फोन करा, नाहीतर रेल्वे पोलिसांना सांगा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या कायदेशीर समितीपुढे, हजर व्हायला हवं. ‘कागदपत्रं मागाहून करू, भाऊ’ म्हणणारी संस्था कितीही प्रेमळ वाटली तरी तिथे मूल ठेवू नका. समितीला पत्ताच नसेल तर त्याच्या आईबापाचा शोध कोण घेणार? हरवलेल्या मुलाची खबर न देणं हाही गुन्हाच आहे.

‘घरी हलाखी आहे, निदान दोन वेळ जेवेल’ म्हणून नात्यातलं लेकरू बालगृहात घालायची घाई करू नका. कायद्यात संस्था हा शेवटचा पर्याय आहे. बालसंगोपन योजनेत मूल नातेवाइकांकडे राहू शकतं आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करा.

केक भरवतानाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही.

भिंतीवरचं नोंदणी प्रमाणपत्र बघून समाधान मानू नका. नोंदणी तर हवीच, पण तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी यायचं असतं, आणि त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी हवा. शेवटची भेट कधी झाली, ते विचारा. मुलांची सूचनापेटीही बघा. ती कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ असायला हवी आणि तिची किल्ली अधीक्षकाकडे नको. अधीक्षकाच्याच दाराशी टांगलेल्या पेटीत त्यांच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायला कोणतं पोरगं धजेल?

मारहाण दिसली किंवा कानावर आली तर संस्थेच्या अध्यक्षांच्या कानात कुजबुजून थांबू नका. बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी द्या, पोच घ्या. समितीच काही करत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जा. समितीच्या कामाबद्दलच्या तक्रारी कायद्याने त्यांच्याकडेच करायच्या असतात. त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे, आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ तर आपल्याच शहरात आहे.