नट गावात आला की मुलाखत कशी घ्यायची

आमच्याकडे सिनेमा-मालिकेतले लोक येतात ते बहुतेक तीन कारणांनी: सोन्याच्या नाहीतर कपड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी-दांडिया, नाहीतर सिनेमाचं प्रमोशन. नाटक हे चौथं कारण, पण त्याचे प्रयोग आता हातावर मोजण्याइतके. मी लातूरची. आधी एका दैनिकाच्या मनोरंजन पुरवणीत होते, आता स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवते. उदगीर, अंबाजोगाई, परळी, नांदेडहून पोरंपोरी फोन करतात, "ताई, अमुक हिरोईन यायलीय, पाच मिनिटं मिळालीत, काय विचारू?" दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

पाच मिनिटं मिळाली म्हणजे साडेतीन धरा. माईक लावायला एक जातं आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात दुकानाचे मालक सहकुटुंब फ्रेममध्ये येऊन उभे राहतात. म्हणून तीनच प्रश्न ठरवून जा, पण तयारी मात्र तासाभराच्या मुलाखतीची करा.

तयारी म्हणजे विकिपीडिया वाचणं नव्हे. त्या माणसाच्या अलीकडच्या चार-पाच मुलाखती बघा आणि त्यांत जे प्रश्न सगळ्यांनी विचारलेत ते कागदावर लिहून वर काट मारा. 'या क्षेत्रात कसे आलात', 'ही भूमिका कशी मिळाली', 'सेटवर काय धमाल केली' हे तिथेच उडतील. 'आमच्या लातूरबद्दल काय सांगाल' हा तर आधी उडवा. त्याला 'इथली माणसं खूप प्रेमळ' याशिवाय दुसरं उत्तर जन्माला आलेलं नाही.

मग मुंबईच्या पत्रकाराकडे नसलेलं काही आपल्याकडे आहे का ते शोधा. पुष्कळदा असतं. संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातून किती कलाकार बाहेर पडले! तिथे लक्ष्मण देशपांडे सर शिकवायचे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था मूळची संभाजीनगरचीच. समोरचा माणूस त्या शहरात कधी तालमी करत असेल, तर तेव्हा त्याच्यासोबत लाइट करणारा कुणीतरी आजही इथेच कुठेतरी मंडपाचा धंदा करत असतो. त्याला फोन करा. "साहेब तेव्हा कुठं चहा प्यायचे?" एवढं कळलं तरी तुमचा प्रश्न बाकी चार चॅनलांपेक्षा वेगळा झाला.

आता सामानाचं. वायरचा कॉलर माईक घ्या. गर्दीत दहा जणांचे वायरलेस एकमेकांत घुसतात आणि घरी आल्यावर कळतं की आपल्या फायलीत दुसऱ्याच चॅनलचा अँकर बोलतोय. दुसरा फोन नुसता आवाज रेकॉर्ड करत खिशात चालू ठेवा. त्याचा उपयोग पुढे सांगते. आणि जनरेटरच्या, डीजेच्या बाजूला कधी उभं राहू नका. मालक म्हणतो 'आवाज बंद करतो', तो बंद करत नाही.

खरी कसब दुसऱ्या प्रश्नात

पहिला प्रश्न घरून आणता येतो. दुसरा उत्तरातून उचलावा लागतो आणि तिथेच नव्वद टक्के मुलाखती पडतात, कारण विचारणारा ऐकत नसतो, पुढचा प्रश्न मनात घोळवत असतो.

एक प्रसंग सांगते. गंजगोलाईजवळ एका साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन. मालिकेतली एक नायिका आलेली. माझ्या आधी तिघांनी विचारलं, लातूर कसं वाटलं? तिन्ही वेळा तिने हसून सांगितलं, "छान, लहानपणी यायचे मी इकडे," आणि तिघेही पुढे गेले, 'मालिकेत आता काय ट्विस्ट?' माझी पाळी आली तेव्हा मी ठरवलेला प्रश्न बाजूला ठेवला.

"लहानपणी कुणाकडे यायचात?"

"मामाकडे. औशाला."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत?"

ती थांबली. मग म्हणाली, "हो, आणि मला उन्हाळा नकोसा व्हायचा. नळ रात्री कधीतरी यायचा. मामी मला उठवायची, कारण घागरी रांगेत लावायचं काम माझं. मुंबईला परत गेले की बेसिनचा नळ नुसता उघडून बघायचे."

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर. तिचं ते वाक्य ऐकून दुकानातल्या सेल्समन पोरीसुद्धा घडी घालायच्या थांबल्या. मॅनेजर मागून "मॅडम, मालिकेचं बोला" म्हणत होता, पण तिलाच बोलायचं होतं. तो व्हिडिओ जेवढा चालला तेवढा माझा कुठलाच 'ट्विस्ट' कधी चालला नाही. मी काय केलं? 'कुणाकडे' एवढंच विचारलं.

अमेरिकेत बार्बरा वॉल्टर्स नावाची मोठी मुलाखतकार होऊन गेली. १९८१ मध्ये तिने हॉलिवूडची नटी कॅथरिन हेपबर्नला 'तुम्ही कुठलं झाड?' असं विचारलं म्हणून पुढे कित्येक वर्षं तिची टिंगल झाली. लोक विसरतात की आपण झाडासारखे झालोय असं आधी हेपबर्नच म्हणाली होती, बार्बराने फक्त 'कुठलं' विचारलं. उत्तर आलं, ओक. माझ्या मते प्रश्न चोख होता. टिंगल करणाऱ्यांनी त्याच्या आधीचं वाक्य कापलं होतं. ही कापाकापी लक्षात ठेवा, तिच्यावर येतेच.

उत्तर संपल्यावर लगेच तोंड उघडू नका. मनात दोन आकडे मोजा. शांतता माणसाला सहन होत नाही. ती भरायला तो जे बोलतो ते बहुतेक वेळा पाठ केलेलं नसतं. एका दमात दोन प्रश्न तर विचारूच नका, तो सोपा निवडतो. आणि 'कसं वाटतंय' हा प्रश्न नव्हे, हा अभिनंदनाचा प्रकार आहे.

संबोधनाचंही सांगते. ज्येष्ठ रंगकर्मी असतील तर पाया पडायचंय ते कॅमेरा बंद असताना पडा. कॅमेऱ्यासमोर वाकलात की पुढचा प्रश्न वाकूनच विचारला जातो. सेल्फी नंतर. 'दादा', 'ताई', 'सर', जे तोंडी बसेल ते, पण मुलाखतभर एकच.

अवघड प्रश्न कुठे ठेवायचा

विचारायचाच नाही असं मी म्हणणार नाही. सगळंच गोडगोड विचारायचं असेल तर दुकानमालकाने जाहिरात करावी, तुम्ही कशाला? पण जागा महत्त्वाची. माझ्याकडे तो शेवटून दुसरा असतो. सुरुवातीला विचारला तर माणूस मिटतो; अगदी शेवटी विचारला तर दगा दिल्यासारखं वाटतं आणि तो तोंड कडू करून उठतो. शेवटून दुसरा विचारला की एक बरा प्रश्न हाताशी राहतो.

२०१५ मध्ये हॉलिवूडचा नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर ब्रिटनच्या चॅनल फोरच्या मुलाखतीतून उठून गेला. सिनेमाच्या प्रमोशनला बसलेल्या माणसाला मुलाखतकार कृष्णन गुरुमूर्तींनी जुनी व्यसनं, तुरुंग, वडील इथवर नेलं. न्यूज चॅनलवाले म्हणाले, आम्ही पत्रकार आहोत, प्रमोशन करणारे नव्हे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण बसण्याआधी कशावर बोलायचं हे नीट ठरलं असतं तर तो तमाशा टळला असता. तुम्ही मॅनेजरला आधीच सांगा, 'सिनेमावर बोलू, पण गेल्या महिन्याच्या वादावर एक प्रश्न विचारणार.' तो नाही म्हणाला तर मुलाखत घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवा. गोड बोलून आत शिरायचं आणि मग काटा काढायचा, हे करू नका.

आत शिरण्यासाठी खोटं बोलणं तर कधीच नाही. १९९५ मध्ये बीबीसीवर मार्टिन बशीरने घेतलेली राजकन्या डायनाची मुलाखत जगभर गाजली. ती मिळवण्यासाठी त्याने तिच्या भावाला बँकेची बनावट स्टेटमेंटं दाखवली होती. २०२१ मध्ये लॉर्ड डायसन यांच्या चौकशी अहवालात ते स्पष्ट झालं आणि बीबीसीला माफी मागावी लागली. मुलाखत पंचवीस वर्षं जुनी झाली तरी तिच्यामागची लबाडी वर आलीच. आपल्याकडे याची छोटी आवृत्ती रोज चालते: 'सर, नुसता बाईट पाहिजे' म्हणून अर्धा तास बसवायचं, 'कॅमेरा बंद आहे' म्हणून चालू ठेवायचा.

खासगी प्रश्नाची सीमा कुठे? मी एक कसोटी लावते: हाच प्रश्न याच शब्दांत पुरुष नटाला विचारला असता का? जानेवारी २०१६ मध्ये सनी लिऑनीची एक टीव्ही मुलाखत झाली, त्यात तिला तिच्या पूर्वायुष्याबद्दल पुन्हा पुन्हा, पश्चात्ताप होतो का अशा सुरात विचारलं गेलं. ती शांतपणे उत्तरं देत बसली. लोक चिडले ते विचारणाऱ्यावर. आमिर खानने तिच्यासोबत काम करायला आवडेल असं जाहीर सांगितलं. मुलाखतीतून मोठी झाली ती समोरची बाई.

उलट टोकही आहे. २०१९ मध्ये 'कॉफी विथ करण'मध्ये क्रिकेटपटू हार्दिक पंड्या बायकांबद्दल वाटेल ते बोलला, के. एल. राहुल शेजारी होता, आणि यजमान करण जोहर हसत होता. बीसीसीआयने दोघांना निलंबित केलं, पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला, एपिसोड काढून टाकावा लागला. करणनेच नंतर आपली जबाबदारी मान्य केली. पाहुणा घसरायला लागला की हसणं हाही एक प्रश्नच असतो, 'अजून बोल' असा. तिथे हसू नका, विषय फिरवा, नाहीतर सरळ विचारा, "हे घरच्यांसमोर असंच बोलाल का?"

मथळा, तुकडा आणि भांडण

वाद मुलाखतीत कमी आणि तिच्या कापणीत जास्त होतात. मी पेपरात होते तेव्हाची गोष्ट. एका नाट्यनटाने मला सांगितलं, "मराठवाड्यात प्रयोग लावायला निर्माते घाबरतात, कारण एका प्रयोगासाठी अख्खी बस, मुक्काम, जेवण परवडत नाही. प्रेक्षक मात्र जीव टाकून येतो." मी तसंच लिहिलं. सकाळी पेपर उघडला तर डेस्कवर कुणीतरी मथळा दिलेला: 'मराठवाड्यात प्रयोग नकोच!' दुपारपर्यंत त्या नटाला फोनवर शिव्या, संध्याकाळच्या प्रयोगाला बंदोबस्त. मी रेकॉर्डिंग घेऊन संयोजकांकडे गेले, तिथल्या पंधरा-वीस पोरांना ऐकवलं, तेव्हा कुठे वातावरण निवळलं. खुलासा दोन दिवसांनी आतल्या पानावर, चार ओळींचा. तो दुसरा फोन खिशात का ठेवायचा ते कळलं ना?

आता मथळा देणारे तुम्हीच, थंबनेल बनवणारेही तुम्हीच. माझा एक नियम: रील तीस सेकंदांचं असलं तरी त्यात प्रश्न ऐकू आला पाहिजे. उत्तर एकटं कापलं की त्याचा अर्थ बदलतो. थंबनेलवर अवतरणचिन्हात टाकलेलं वाक्य त्या माणसाच्या तोंडून शब्दशः आलेलं असावं, तुम्ही काढलेलं सार नव्हे. 'अमुक ढसाढसा रडली' लिहायचं तर ती रडलेली असावी.

कायद्याचंही भान ठेवा. १ जुलै २०२४ पासून अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. पाहुण्याने तिसऱ्याच माणसावर आरोप केला आणि तुम्ही तो प्रसारित केला तर 'मी थोडंच बोललो' म्हणून सुटका होईलच असं नाही. त्या तिसऱ्याला फोन करून त्याची बाजू घ्या, मगच टाका.

व्हिडिओ टाकल्यावर मॅनेजरचा फोन येतो, 'तेवढा भाग उडवा.' चूक दाखवली, साल चुकलंय, नाव चुकलंय, तर लगेच दुरुस्त करा. 'मॅडमना तो अँगल आवडला नाही' यासाठी काही करू नका. 'ते ऑफ द रेकॉर्ड होतं' हे बोलण्याआधी ठरलं असेल तरच पाळायचं. मनात घोळवून दुसऱ्या दिवशी सांगितलेलं नाही. पूर्ण मुलाखत आधी तपासायला मागतात, देऊ नका. 'मग पुढच्या वेळी बोलावणार नाही' म्हणतील. म्हणू द्या. आणीबाणीच्या काळात फिल्मी मासिकांनी अमिताभवर बहिष्कार टाकला, त्यानेही कित्येक वर्षं त्यांना दारात उभं केलं नाही. तो सुपरस्टार राहिला आणि मासिकंही निघतच राहिली. एका रुसव्याने कुणाचं दुकान बंद पडत नाही.

पैशांचं थोडक्यात. उद्घाटनाच्या ठिकाणी मालक पाकीट देतो, 'पेट्रोलला ठेवा' म्हणतो. घ्यायचं असेल तर तो व्हिडिओ जाहिरात आहे असं स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेची समाजमाध्यमांसाठीची तशी नियमावली २०२१ पासून आहे. मी घेत नाही, कारण मग साड्यांच्या दुकानात पाण्याचा प्रश्न विचारता येत नाही.

घरी आलात की मूळ फाइल तारीख, गाव आणि नाव घालून हार्ड डिस्कवर टाका, कापलेली वेगळी ठेवा. लिंक मॅनेजरला पाठवा आणि मेकअपवाल्याला, ड्रायव्हरलाही पाठवा. त्यांचे नंबर तिथेच घेऊन ठेवलेले असावेत. पुढच्या वेळी ताफा सोलापूरहून निघाला की तुळजापूरला दर्शनाला थांबणार की थेट येणार, हे मॅनेजर सांगत नाही, ड्रायव्हर सांगतो.